पाच मिनिटं खोल विहीर

शैलजा : एवढंच म्हणायचं आहे, भगवानराव. "पोरं येतात, पंचवीसेक येतात." एकच वाक्य.

भगवानराव : अन् येतात किती?

शैलजा : चार. काल तीन होती, एकाला ताप होता.

भगवानराव : मंग बाकीचे एकवीस मी कुठून आनू, मॅडम?

शैलजा : तुम्हाला काय अवघड आहे? परवा याच बसथांब्यावर तुम्ही सांगत होता, तुमच्या वावरातल्या कोहळ्यात बैलजोडी हरवली होती.

भगवानराव : जोडी नाई. एकच बैल. जोडीचं लोक वाढवून सांगतात.

शैलजा : बरं, एक बैल. ज्यांच्या कोहळ्यात बैल मावतो त्यांना माझ्या खोलीत एकवीस पोरं माववता येणार नाहीत? उद्या अकराला शाळा समितीची सभा आहे. मुख्याध्यापक सरांनी स्पष्ट सांगितलंय, शाळा सुटल्यावरच्या वर्गाला पंचवीस मुलं नसतील तर वर्ग बंद. त्या खोलीत मोडके बाक ठेवणार आहेत. समितीत तुमचा शब्द चालतो.

भगवानराव : माहा शब्द चालते, तो काऊन चालते माहीत हाय? मी गप्प हानतो तवा समोरच्याले पक्कं ठाऊक असते का म्हातारा गप्प हानून राह्यला. त्यालेही मजा, मलेही मजा. तुम्ही मांगता ते खोटं हाय. बहात्तर वर्सांत एक खोटं बोललो नाई. आमच्या शालूबाईले इचारा.

शैलजा : त्यांनाच विचारून इथे आले. म्हणाल्या, घरी त्यांचं कुणी ऐकत नाही, म्हणून रोज थांब्यावर जाऊन बसतात. कुठली बस धरायची नसते, काही नाही.

भगवानराव : पन्नास वर्सं ऐकलं म्हनते. आता मी तोंड उघडलं का शेवट सांगून टाकते. अशा घरात मानसानं राहावं कसं?

शैलजा : आणि इथे ऐकणारी आयती मिळतात. माझीच. बघा, त्या शेडमध्ये. येताना मोजली मी, सत्तावीस. सातवी ते दहावी. दोन महिने झाले, रोज पाच ते साडेसहा मी खोली उघडून बसते. गणित, विज्ञान, जो धडा कळला नसेल तो पुन्हा. फळ्यावर तारीखसुद्धा रंगीत खडूनं लिहिते.

भगवानराव : तारीख पाहाले कोन येईन, बाई? ते तर घरच्या कॅलेंडरवरही असते.

शैलजा : थट्टा करू नका. चिखलीची घराजवळची शाळा सोडून मी इकडे डोंगराच्या पायथ्याला आले ते याचसाठी. तिकडे शिकवण्या गल्लीगल्लीत आहेत. इथे या पोरांची शाळा सुटली की संपलं. आणि ती वर्ग सोडून तुमच्या कोहळ्यामागे...

काजल : आबा, कोहळ्याचं निघालं. बैल धरून त्याचं वजन... अगं माय. नमस्ते, मॅडम.

शैलजा : ये ना, काजल. मागे काय लपवलंस?

काजल : काही नाही. वही हाय.

शैलजा : कशाची?

काजल : अशीच.

भगवानराव : दाखव बे. मॅडम काही वही खात नाई.

शैलजा : थांबा जरा. काजल, नववीत तू माझी सगळ्यात हुशार मुलगी. पहिल्या दिवशी वर्गाला आलीस, त्यानंतर एकदाही नाही. का गं? मी तुझ्या नावापुढे लिहून टाकलं, "आवड नाही."

काजल : कुठी लिहिलं?

शैलजा : अहवालात.

काजल : ते खोडून टाका, मॅडम.

शैलजा : मग तू सांग, मी काय लिहू?

काजल : वरच्या गावांची बस सहा पाचले येते. तुमचा वर्ग साडेसहाले सुटते. पहिल्या दिवशी मी शेवटपर्यंत थांबली. बस गेली. मंग अकरा किलोमीटर पायी. बाबा कामावरून तसेच घ्यायले आले, पायाले चिखल तसाच. घरी येऊन म्हणाले, अजून एक डाव बस चुकली तर शाळा बंद.

शैलजा : आणि बाकीच्या मुली?

काजल : सगळ्यांचं तेच. पोट्टेही याच बसनं जातात.

शैलजा : अगं, मला सांगायचंस ना.

काजल : तुम्ही इचारलंच नाही, मॅडम. हजेरी घेत होत्या.

भगवानराव : तुम्ही स्कूटीवर येता-जाता, मॅडम. स्कूटीले टाइमटेबल नसते. मलेही वाटलं का तुमाले माहीत असन.

शैलजा : दोन महिने. दोन महिने मी रिकाम्या बाकांना रागावत होते.

भगवानराव : बाकं काही मनाले लावून घेत नाईत. काजल, वही दाखव.

काजल : हसू नका. ह्या आबाच्या गप्पा हायेत. आबा सांगतात, आम्ही तपासतो. ज्याले खोट सापडली त्याचं नाव लिवायचं. सगळ्यात जास्त अश्विनीचे नावं हायेत, पण तिनं कोहळ्यात चूक केली, पोकळ धरलंच नाही.

शैलजा : हे काय? "पाच मिनिटांची विहीर."

भगवानराव : ते खरी गोष्ट हाय. माह्या आजाची इहीर. एवढी खोल का मी गोटा टाकला, अडकित्त्यानं सुपारी कातरली, पान लावलं, तोंडात घातलं, रंगलं, तवा कुठी खालून डुबुक आलं.

काजल : तर आम्ही आबाले पान लावाले लावलं, अन् घड्याळ धरलं. पाच मिनिटं. म्हणजे तीनशे सेकंद. मंग चार पॉइंट नऊ गुणिले तीनशेचा वर्ग. चार लाख एक्केचाळीस हजार मीटर. चारशे एक्केचाळीस किलोमीटर. आडवी केली तर पुण्यापर्यंत जाते.

भगवानराव : पानी गोड होतं पन.

शैलजा : काजल, चार पॉइंट नऊ कुठून आणलंस?

काजल : तुम्हीच तर शिकवलं. गोटा खाली जाते तसा वेग वाढते, ते.

शैलजा : मी तो धडा तीनदा शिकवला. तिन्ही वेळा विचारलं, कळलं का? एक हात वर आला नाही.

काजल : तवा गोटा नव्हता, मॅडम. नुसतं समीकरण होतं.

शैलजा : बरं. एक सांग. गोटा खाली पोचला. तो डुबुक आवाज वर यायला वेळ लागणार नाही?

काजल : आवाजाले?

शैलजा : पाच मिनिटांत दोन्ही बसवायचं. गोटा जायचा आणि आवाज यायचा.

काजल : अरे हाव. मंग इहीर छोटी होते. किती छोटी?

शैलजा : ते दहावीत आहे. वर्गसमीकरण. आत्ता करायचं?

काजल : बसले अजून पंचवीस मिनिटं हायेत. खडू हाय का?

भगवानराव : थांबा जराशे. माह्या आजाची इहीर हाय, मालकाले इचाराल का नाई? आंधी उद्याचं बोला. मॅडम, उद्या मी सभेत उभा राहतो अन् जे हाय ते सांगतो. का खोलीत चार पोट्टे, थांब्यावर सत्तावीस. वर्ग खोलीतून उचला, थांब्यावर ठेवा. पाच ते सहा.

शैलजा : सर म्हणतील, थांब्यावर पोरं टवाळक्या करतात.

भगवानराव : अन् मी सांगतलं का पोट्टे इथी आपल्या मनानं गनितं करतात, तर सारी समिती हसन. म्हनन, भगवानरावनं नवी काढली. पहिल्यांदा खरं बोलाची पाळी आली, अन् कोनी मानाचं नाई. मले ते वही पाह्यजे.

काजल : नाही देणार.

भगवानराव : काऊन?

काजल : उद्या पालकांनाही बोलावलं हाय. बाबा येणार. त्यायनं ही वही पाह्यली तर म्हणतील, थांब्यावर बसून हे धंदे करते. मंग बसच काय, शाळाही गेली.

शैलजा : बाबा काय काम करतात तुझे?

काजल : थोडं वावर हाय. बाकी इहिरी खांदतात. जुन्या इहिरीत गोटा टाकून, कान देऊन खोली सांगतात. कधी बरोबर येते, कधी दहा-पंधरा फूट चुकते. मंग दोर कमी पडते.

शैलजा : आणि हे शेवटच्या पानावर? एक सेकंद, सोळा फूट. दोन सेकंद, चौसष्ट. तीन सेकंद, एकशे चव्वेचाळीस...

काजल : ते आबाच्या गप्पांतलं नाही. ते बाबासाठी केलं होतं. दाखवलं नाही.

शैलजा : का?

काजल : ते इचारतील, कुठी शिकली?

भगवानराव : काजल, इकडे पाय. गप्पा माह्या, नाव माहं खराब. तुह्यावर काही येऊ देनार नाई. सभा झाली का वही तुह्या हाती.

काजल : हे गप्प तर नाही?

भगवानराव : नाई.

काजल : मॅडमसमोर सांगा.

भगवानराव : मॅडमसमोर, अन् शालूबाईची आन घेऊन. घरी बोलजो नको.

काजल : घ्या मंग. पाणी नका पाडजा.

(दुसऱ्या दिवशी, तोच थांबा. पाच वाजून दहा मिनिटं.)

काजल : आबा, वही?

भगवानराव : आंधी सभेचं तर ऐक. मी उभा राह्यलो तर सारं गाव गोळा. चारशे लोक. खिडकीत लोक, झाडावर लोक...

काजल : समितीत किती जण?

भगवानराव : तेरा.

काजल : पालक?

भगवानराव : नऊ. अन् शिपाई.

काजल : तेवीस. वही कुठी हाय?

भगवानराव : सांगतो ना. मी सारं खरं सांगतलं. सारे हसले. मंग मॅडमनं वही उघडून इहिरीचं गनित फळ्यावर मांडलं. काल इथी फरशीवर केलं तेच. हसनं बंद. पुण्याले पोचलेली माही इहीर एका दमात खामगावच्या आसपास आनून ठेवली. चौसष्ट किलोमीटर. एका सांजेत पावनेचारशे किलोमीटर बुजवली बाईनं, आजा वर रडत असन.

काजल : मॅडम, काय झालं खरं सांगा.

शैलजा : एक महिना दिलाय. थांब्यावर, पाच ते सहा. हजेरी इथेच घ्यायची, फळा शाळेचा. आणि शनिवारी सर स्वतः बघायला येणार आहेत. महिन्यानं पुन्हा सभा.

काजल : एकच महिना?

शैलजा : एकच. तुझ्या नावापुढचं मात्र मी खोडलं.

काजल : मंग काय लिवलं?

शैलजा : "बस सहा पाचची." सगळ्यांनी वाचलं पाहिजे म्हणून मोठ्या अक्षरात.

भगवानराव : अन् एक सूट भेटली. माहं नाव हजेरीत घालाचं म्हनलं मी. चौथी पास हाय, पाचवीत बसवा. तर सर म्हनाले, तुमी तर सोताच अभ्यासक्रमात हाय.

काजल : आबा. वही.

भगवानराव : वही नाई माह्यापाशी.

काजल : तुम्ही शालूबाईची आन घेतली होती.

भगवानराव : म्हनून तर आज घरी लौकर जाऊन नाई राह्यलो. ऐक. तुहा बाप मांगं उभा होता, भिंतीले टेकून. वही फिरत फिरत त्याच्याजोळ गेली. मी म्हनलं, गेलं आता. त्यानं शेवटचं पान काढलं. बोट ठेवलं. एक सेकंद, सोळा फूट. मले इचारलं, हे अक्षर कोनाचं? मी म्हनलं, तुह्याच पोरीचं. भिंत सोडली अन् बाहीर गेला.

काजल : वही घेऊन?

भगवानराव : वही घेऊन. शाळेमांगं जुनी इहीर हाय ना, तिच्या काठावर उभा राह्यला. एक गोटा टाकला. पान पाह्यलं. दुसरा टाकला. पुन्हा पान पाह्यलं. असे सात गोटे टाकले. मंग दोर सोडून मोजलं. अर्ध्या हाताचा फरक. वही अंगरख्यात घातली अन् म्हनाला, पोरीले सांगा, हे आता माह्यापाशी राहीन. तिले दुसरी घेऊन देतो.

काजल : आबा, ही गप्प हाय.

भगवानराव : नाई बे.

काजल : सात गोटे. तुमचे सारेच आकडे सात असतात. मॅडम, ही गप्प हाय ना?

शैलजा : सहा होते, काजल. घड्याळ माझ्याच हातात होतं.