पॉलिश मारणार नाही

नाही, पॉलिश नाही मारणार मी. सांगितलं ना एकदा. हवा भरतो, चेनला तेल घालतो, तो आरसा लुळा पडलाय तो आवळून देतो — पण टायरला पॉलिश? नाव काढू नका. काय म्हणालात? ग्रिप? हो, ग्रिप आहे की! भरपूर आहे, कोण नाही म्हणतंय? पण साहेब, ग्रिप बघून टायर घेणं म्हणजे दात बघून माणसाचं वय सांगणं, कवळी पण दातच असते. इकडे या. बसा असे खाली, पँटला काही होत नाही. हे चार आकडे दिसतात? बोटानं माती पुसा — हां. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. तेविसाव्या आठवड्यात बनलाय हा, आणि साल वाचा. वाचा की मोठ्यानं! अकरा वर्षं झाली. गाडी चालली किती? फार नाही, मान्य. पण टायर चालून म्हातारा होतो तसा उभ्या उभ्या पण होतोच ना. आता नख रुतवा इथं. रुततंय? नाही ना? नवीन रबर नखाखाली दबतं, हे दगड झालंय दगड. आणि या ग्रिपच्या खाचेत बघा, अगदी तळाला — केसासारख्या चिरा. पॉलिश मारलं की या चिरा गायब. म्हणून तर हवंय तुम्हाला.

रागावू नका, मी तुम्हाला वाईट म्हणत नाहीये. उद्या गिऱ्हाईक येणार, गाडी चकचकीत दिसावी असं कुणालाही वाटणारच. पण मघाशी तुम्हीच म्हणालात — घेणारी बाई नर्स आहे, रोज अठरा किलोमीटर जाणार, अठरा येणार. ती काय बघणार हो? रंग बघेल, सीट बघेल, टायर काळेभोर दिसले की म्हणेल, वा, किती जपलीय गाडी. खाली बसून चार आकडे वाचणार आहे का ती? मी सांगतो ना, कुणी वाचत नाही. सख्ख्या भावानं वाचले नाहीत.

जाऊ दे. कुठे होतो आपण? हां — पाच वर्षं झाली की दरवर्षी टायर तपासून घ्यायचा, आणि दहा झाली की सरळ निरोपच द्यायचा, मग तो कितीही देखणा असो. हा माझा नियम. पूर्वी नव्हता. पूर्वी मी काय करायचो माहितीये? पंक्चरची गाडी येऊ दे, हवेची येऊ दे, परत देताना टायरला पॉलिश. कुणी मागायचं नाही, मीच मारायचो — फुकट! या रस्त्यावर अशी गाडी देणारा दुसरा कुणी नव्हता. लोक म्हणायचे, तुझ्याकडनं गाडी नेली की नवी घेतल्यासारखं वाटतं. छाती अशी फुगायची माझी. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं — हे लहानपणापासून ऐकलेलं, पण फसवणारे आपणच असू हे कुठे कुणी सांगितलं होतं?

एक मिनिट. बस आली का? — नाही, ही दुसरी. दादा येतोय माझा, वहिनीला घेऊन, दवाखान्यातनं. एकच्या बसनं येतात. तुम्ही बसा हो. म्हणजे उभे राहा. नाहीतर जा, काम तर झालंय तुमचं... नाही, थांबा, अर्धवट सांगितलं की तुम्ही काहीतरी भलताच अर्थ काढाल.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. दादाची गाडी माझ्याकडे होती. मी त्याला म्हटलं होतं, टायर पार गेलेत दादा, दोन्ही बदलून ठेवतो, शनिवारी ने. तो कचेरीत कारकून, त्याला गाडीतलं ओ का ठो कळत नव्हतं — मी म्हणेन ती पूर्व दिशा. शनिवारी टायर आलेच नाहीत. त्या मापाचे मिळेनात. मी गाडी धुऊन ठेवली, आणि हात आपले सवयीनं — कळलं ना? मारलं पॉलिश. काही विचार करून नाही हो! गाडी धुतली की हात डब्याकडे जायचाच. मग मीच टायर बघायला ठोक दुकानदाराकडे गेलो, आणि किल्ली राहिली खिळ्याला. दादा आला, टायर बघितले — काळे कुळकुळीत! त्याला वाटलं, भावानं शब्द पाळला. वहिनीला मागे बसवली आणि निघाले तिच्या माहेरी.

फुटला नाही टायर. लोकांना वाटतं जुना टायर म्हणजे धडाम् आवाज होणार. काही नाही. वळणावर पाण्याच्या टँकरनं पाणी सांडलं होतं, तेवढ्यानं मागचं चाक सटकलं. दादाला खरचटलं फक्त. वहिनीच्या गुडघ्यात सळी आहे. वाकतच नाही तो पाय. शिवणकाम करायची ती, पायाचं मशीन, इतकं सुरेख शिवायची — माझ्या लग्नातला शर्ट तिनं शिवलेला.

आणि दादा? दादानं त्या दिवसापासून हँडलला हात लावलेला नाही. म्हणतो, माझाच हात चुकला, वळण मीच जोरात घेतलं, हिचा पाय मी घालवला. कचेरी सुटल्यावर इथं दुकानात येऊन बसतो, ट्यूब काढून देतो, आणि गिऱ्हाइकाला काय सांगतो ठाऊक आहे? म्हणतो, टायर नवीन असून उपयोग नसतो हो, चालवणारा हुशार लागतो. माझ्यासमोर! आणि मी पाना घेऊन खाली मान घालून नट आवळत बसतो, आवळलेलाच पुन्हा आवळतो.

तुम्ही विचारताय त्याला कसं कळलं नाही. बरोबर विचारताय. त्यानं घरी आल्यावर गाडी बघितली होती, अगदी वाकून वाकून बघितली. टायर नवीनच होते. म्हणजे — तेव्हा नवीन होते. मी बसवले. ते दोघं दवाखान्यात होते, मी टेम्पोतनं गाडी इथं आणली, ठोक दुकानदाराकडे त्या दिवशी मिळाले होते तेच टायर चढवले, थोडी माती पण लावली वरनं. जुने कापून भंगारात. दादा म्हणाला, बघ, टायर तर ठणठणीत आहेत, म्हणजे चूक माझीच. आणि मी? पाणी आणून दिलं त्याला.

हे मी कुणाला बोललो नव्हतो. बायकोला पण नाही. तुमच्यासारख्या अनोळखी माणसासमोर का बोललो कुणास ठाऊक, पॉलिश पॉलिश करून डोकं उठवलंत तुम्ही माझं!

काय? त्याला सांगून टाकू? म्हणायला काय जातंय तुमचं! चार वर्षं झाली साहेब. आता सांगितलं तर तो विचारेल, चार वर्षं का गप्प बसलास. त्याला काय उत्तर आहे? पॉलिश चुकून मारलं, तो हाताचा दोष म्हणेन. पण टायर मी शुद्धीत बदलले, माती शुद्धीत लावली. माझा पोरासारखा सांभाळ केलाय त्यानं, त्याच्याच पगारातनं हे दुकान उभं राहिलं. आणि तो रोज रात्री वहिनीच्या गुडघ्याला तेल लावताना तिची माफी मागतो — हो, अजून. वहिनीनंच सांगितलं मला. म्हणाली, भावजी, तुम्ही तरी समजवा त्यांना. मला म्हणाली! मला!

आली. ती बघा बस. आधी तो उतरतो, मग तिला धरतो — तिला पायरीवरनं आडवं उतरावं लागतं. दंड सोडत नाही तिचा. किती वाळलाय बघा माणूस, लांबून जास्तच कळतं.

चला, निघा तुम्ही. टायर बदलायचे असतील तर उद्या सकाळी या, मी माझी मजुरी घेणार नाही. बदलायचे नसतील तर निदान त्या बाईंना खाली बसवा आणि ते आकडे वाचून दाखवा. पुढे तुमचं तुम्ही जाणा. नाही, नाही, थांबू नका. तुमच्यासमोर नको. जा हो साहेब, पाया पडतो!

ये दादा. वहिनी, तुम्ही पण या — ही खुर्ची घ्या. काय म्हणाले डॉक्टर? बरं. नको, चहा नंतर सांगू. दादा, तू पिशवी ठेव खाली आणि माझ्याकडे बघ. त्या दिवशी तुझा हात नव्हता चुकला. टायर जुनेच होते. नवीन मी नंतर चढवले.