बोईसरात विकलेलं पहिलं यंत्र

आम्ही तारापूरच्या किनाऱ्यावरचे, पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणारे. बाबा तांडेल, म्हणजे होडीचा सगळा कारभार त्यांच्या हाती, आणि मी त्यांचा एकुलता मुलगा, होडीत पाय टाकला की उलट्या सुरू. खलाशी म्हणत, तांडेल, तुमचा पोरगा मासळीला चारा घालतो हाय. बाबा मान खाली घालत. मग मी मॅट्रिक झालो आणि मुंबईच्या एका कंपनीत लागलो, काम काय, तर डॉक्टरांकडे जाऊन कार्डिओग्रामची यंत्रं विकायची. साठ सालानंतरची गोष्ट, आमच्याकडे हे नावसुद्धा नवं. पेटी जड, खांदा सोलून निघे, पण गाडीनं वैतरणेचा पूल ओलांडला की, काय सांगू तुम्हाला, माझंच काळीज धडधडायला लागे, आपल्या मुलखात आपण हे घेऊन चाललो.

पण विकलं एकही गेलं नाही. साहेब म्हणाले, या महिन्यात एक तरी, नाहीतर घरी बस. घरी म्हणजे होडीत.

बोईसरच्या एका डॉक्टरांनी मात्र पेटी उघडायला लावली. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चाललेलं, माणसं वाढत होती. म्हणाले, तुझ्या वडिलांच्या छातीत चमक येते, उद्या ते येणार आहेत, त्यांचा कार्डिओग्राम काढून दाखव, कागदाची पट्टी नीट आली तर घेतो.

दुसऱ्या दिवशी बाबा आले, बरोबर माझी बायको यमुना, लग्न नवंच, डोक्यावर मासळीची पाटी. मी टेबलावर चादर घातली, हातापायांना बांधायचे पट्टे काढले, आणि बाबा मागे सरले. निजवून पाय कुणाचे बांधतात, हे आमच्याकडे पोरंही जाणतात. बाबा म्हणाले, मी अजून जिता हाय, मेल्यावर बांध. डॉक्टरांनी समजावलं, मी हात जोडले, नाय म्हणजे नाय. शेवटी डॉक्टर म्हणाले, बापच निजत नाही, तर गाव काय निजणार, आवर तुझी पेटी.

मी आवरायला लागलो, तर यमुनेनं पाटी खाली ठेवली. म्हणाली, मला बांधा. सासऱ्यासमोर सून टेबलावर आडवी, कंपाउंडर भिंतीकडे तोंड करून उभा. मी हळूच म्हटलं, बांगड्या काढाव्या लागतील. ती म्हणाली, तुमच्या देखत मी बांगड्या काढू? वर सरकवते, चालवा तुमचा डबा. कोपरापर्यंत चढवल्या. मी मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या कापडाच्या घड्या ठेवून पट्टे बांधले, कळ दाबली, कागद सुरसुरत बाहेर आला. पट्टे सुटताच ती उठून म्हणाली, बाबा, बांधलेलं माणूस उठलं, बघा, आता तुमी निजता, का बाजारात सांगू, तांडेल सुनेपेक्षा भित्रा हाय?

बाबा मुकाट्यानं निजले. पट्टी अशी रेखीव आली, अशी रेखीव. डॉक्टर म्हणाले, तांडेल, घाबरण्यासारखं नाही, तंबाखू सोडा. बाबांनी विचारलं, यात माझी भीती दिसते काय? डॉक्टर म्हणाले, नाही. बाबा म्हणाले, मग घ्या, यंत्र चांगलं हाय.

आणि डॉक्टरांनी घेतलं. मला पेटीसकट नाचावंसं वाटलं. बाहेर बाबा माझ्याशी बोललेच नाहीत, यमुनेला म्हणाले, पोरी, खलाशांना सांग, होडीवर दुसरा गडी बघा, हा आता यायचा नाय.

पुढे हृदयाची पुष्कळ यंत्रं विकली, तेवढ्यावर घर उभं राहिलं. यमुना या वर्षी गेली. घरात आता मला कुणी हुकूम सोडत नाही. तरी हे सांगताना तोच आनंद अंगात भरतो, त्याला मी काय करू. तुमच्या घरातली बोलणारी माणसं तुम्हाला उदंड पुरोत.