हेराची स्थळप्रत

"हॅलो?… हो मामा, मीच. दुकानातच आहे… परत आला? कोण परत आला?… अहो, शुक्रवारीच तर काढला… कोपऱ्यात? हसतोय?… हं."

भाच्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. मामा शाळेत हेडक्लार्क होते. त्यांच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरमधून त्याने तीन आठवड्यांत तीनदा एकच हेर हाकलला होता. दिसायला कोपऱ्यात हसणारा इवलासा सूर्य, आजचं तापमान सांगणारा. आतून मात्र टाइप होणारं अक्षर न् अक्षर चोरून बाहेर पाठवणारा. आणि रुसून गेलेल्या जावयासारखा दर सोमवारी पुन्हा दारात.

"वार्षिकची प्रश्नपत्रिका टाइप केली नाही ना अजून?… नाही. बरं झालं. आता इंटरनेटची वायर काढा… निळी… अहो, ती नव्हे, ती फोनची… मामा?… मामा?"

दोन मिनिटांनी फोन पुन्हा वाजला.

"हां, आता दुसरी काढा… काढलीत? बाईंना कळलं का?… किल्ली मागितली?… आजच?"

मुख्याध्यापिका बाईंनी मागच्याच खेपेला बजावलं होतं : पुन्हा हा प्रकार झाला, तर प्रश्नपत्रिकांच्या कपाटाची किल्ली दुसऱ्याकडे. मामांच्या निवृत्तीला अकरा दिवस होते. चौतीस वर्षं ती किल्ली त्यांच्या कमरेला होती आणि एकही पेपर फुटला नव्हता. शेवटच्या दिवशी ती आपल्या हाताने टेबलावर ठेवायची, एवढीच माणसाची हौस.

"मामा, ऐका ना. शुक्रवारी मी गेल्यावर मशीनला कोणी हात लावला?… कोणीच नाही. तुम्ही सोडून… तुम्ही काय केलंत?… मोजल्यात? काय मोजल्यात?… सगळ्या फायली?"

त्याने डोळे मिटले.

"बरं… मी यायच्या आधी दोन हजार एकशे चौदा. मी गेल्यावर तेरा… एक गहाळ… मग?… भरून काढलीत. कुठून?… पेनड्राइव्हवर नक्कल होती… दर वेळी?… हो, शिस्त म्हणजे शिस्त, खरं आहे… मामा, ती एक कमी व्हावी म्हणूनच तर मी येत होतो."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"हॅलो?… नाही हो, चूक तुमची नाही… बरं, तुमचीच आहे. पण त्यात… रडताय का?… सर्दी. बरं… बाई तिथेच आहेत? द्या त्यांना… द्या तर खरं."

भाचा उगाचच खुर्चीत सरळ बसला.

"नमस्कार बाई… हो, तोच. त्याचं काय आहे, चूक माझी. मीच नीट काढत नव्हतो… हो, तीनही वेळा… निष्काळजीपणाच म्हणायचा… हो, लाज वाटते… दुसरा माणूस बघा, माझी ना नाही. तेवढी किल्ली मात्र… राहू देताय?… उपकार झाले बाई."

शाळेचं काम गेलं. वीस मशीनं होती.

"हं, मामा… बोललो खोटं. आईला सांगू नका… नाही, बाईंना लेखी काही कळवायचं नाही. तो पेनड्राइव्ह तेवढा फोडून टाका… फोडल्याची नोंद? करा… काय म्हणून फोडता येत नाही?… ती स्थळप्रत आहे. म्हणजे ऑफिसात ठेवायची… मग मूळ प्रत कुठेय?… माझ्याकडे?"

टेबलावर शुक्रवारी मामांनी त्याच्या खिशात कोंबलेला खाकी लिफाफा होता, 'माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी'. आत घरचे फोटो असतील, म्हणून सकाळीच त्याने तो उघडून आतला पेनड्राइव्ह आपल्या मशीनला लावला होता.

त्याने हळूच मान वळवली. स्वतःच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात सूर्य हसत होता. एकतीस अंश.

"हॅलो… हो मामा, आहे. पोहोचला… हो, हो, सुखरूप… पोच? लिहून घ्या, पोच मिळाली."

आणि त्याने फोन ठेवला.