डावीकडे एर्सिलिया, उजवीकडे निमिया

...“एक वायर लावायची, की झालं!” असं म्हणाला तो दुकानदार. हसत म्हणाला हो! आणि मी, जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेला माणूस, मान डोलावून ती वायर पिशवीत टाकून घरी आलो. तुम्हाला सांगतो, ज्याला कुणाला घरातली शांतता बोचायला लागली असेल ना, त्याने एका लॅपटॉपला दोन मोठे पडदे जोडायला घ्यावेत. बास! पुढचं आपोआप होतं.

आता तुम्ही म्हणाल, सिल्वानो, तुला दोन-दोन पडदे हवेतच कशाला? मला? मला एकही नको होता! हवे होते आमच्या आईला. आईचा एक डोळा केव्हाच गेलाय, दुसऱ्याचं ऑपरेशन ठरलं होतं पुढच्या सोमवारी. डॉक्टर म्हणाले, “दिसेल बहुतेक.” बहुतेक! हे ‘बहुतेक’ ऐकून आईने आमच्या आसुन्सिऑन शहराच्या त्या उकाड्यात, हॉस्पिटलच्या पायरीवरच, जाहीर केलं, “सोमवारच्या आधी मला माझ्या दोन्ही मुली बघायच्यात. मोठ्या. भिंतीएवढ्या. त्या टीचभर फोनात मला नुसते डाग दिसतात.”

एर्सिलिया असते ब्युनोस आयर्सला, निमिया स्पेनमध्ये. मग एकच मोठा पडदा आणून दोघींना शेजारी-शेजारी बसवायला काय हरकत होती? हरकत! अहो, निमियाच्या लग्नात हार्पवाले उशिरा आले म्हणून एर्सिलिया स्टेजवर चढली आणि गायला लागली. एक गाणं, दुसरं, तिसरं... आणि नवरीने, म्हणजे निमियाने, माईक हातात घेऊन सगळ्या वऱ्हाडासमोर सांगितलं, “ताई, आता पुरे.” झालं! त्या दिवसापासून दोघींनी एकमेकींचं तोंड बघितलेलं नाही. एर्सिलिया मला फोनवर म्हणते, “सिल्वानो, ती ज्या पडद्यावर असेल त्या पडद्यावर मी येणार नाही.” आणि निमिया? “दादा, तिचा पडदा वेगळा, माझा वेगळा. आणि माझा उजवीकडे हं!”

म्हणून दोन पडदे. एक माझा. दुसरा शेजारच्या रुफिनोंचा, फुटबॉल बघायचा, मोठ्ठा. तो त्यांनी दिला, पण स्वतःसकट दिला. पडदा आला तसे तेही खुर्ची घेऊन आले, तेरेरेचा, म्हणजे आमच्याकडच्या पाल्याच्या थंडगार चहाचा, नळीवाला पेला हातात, आणि माझं काय चुकतंय ते बघत बसले.

लॅपटॉपला पडद्याचं भोक एक. पडदे दोन. दुकानदाराने दिली होती ती दोन शेपट्यांची वायर लावली, आणि अहाहा! दोन्ही पडदे लागले! मी लॅपटॉपवरून एर्सिलियाला फोन लावला. डावीकडे एर्सिलिया. उजवीकडे... एर्सिलिया. आई डोळे बारीक करून म्हणाली, “हिच्या दोन कशा झाल्या? मला आणखीच कमी दिसायला लागलं का रे?” बिचारीचा चेहरा एवढा उतरला की मी ती वायर उपटूनच काढली.

गेलो परत. दुकानदार म्हणतो, “हां, ती वायर एकच चित्र दोन्हीकडे दाखवते. तुमच्या लॅपटॉपला ते दुसरं चपटं भोक आहे ना? त्याला ही एक वायर लावायची, की झालं!” लावली. काही नाही. काळाकुट्ट! का? तर म्हणे ते भोक माझ्या लॅपटॉपात चित्रासाठी नाहीच, त्यातून फक्त माहिती जाते-येते. चित्र म्हणजे माहिती नव्हे? मी मुलांना शाळेत नकाशे दाखवायचो ते काय होतं मग?

रुफिनो पेला चोखत म्हणाले, “माझ्या घरी बघा कसा एका वायरीवर चालतो.” अहो, तुमच्या घरी बहिणी नाहीत!

मग आला तो डबा. काळा, विटेएवढा, पडद्यांसाठी वेगळी भोकं, विजेची स्वतःची वायर. सोबत लॅपटॉपात घालायचा त्याचा प्रोग्राम. तो घातला, लॅपटॉप बंद केला, चालू केला... आणि दोन पडदे, दोन वेगळी चित्रं! मी ओरडलोच. जरा वेळ हात नाही लावला की मात्र पडदे झोपी जायचे, आणि उठले की डावा उजवीकडे, उजवा डावीकडे! निमियाला डावीकडे बसवून मी जिवंत राहिलो असतो? ती झोपच बंद करून टाकली. मग डावा पडदा अधूनमधून डोळा मारायला लागला. वायर फार लांब होती. आखूड आणली. आता एकदम ठणठणीत! मग मी तिथून हललोच नाही, सारखा पडद्यांकडे बघतोय, रात्रभर अंगात ताप असलेल्या पोराकडे बघावं तसा.

रविवार उजाडला. आईने निळा झगा घातला, केस विंचरून घेतले. डावीकडे एर्सिलिया, लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर. उजवीकडे निमिया, तिच्यासाठी पडद्यावर वेगळा कॅमेरा. दोन वेगळे कॉल, कुणालाच कुणी दिसत नाही. पण आवाज? आवाजाचा विचार मी केलाच नव्हता! खोली एकच ना! इकडचं बोलणं तिकडे सरळ ऐकू जातंय.

“आई, तू बारीक झालीस,” एर्सिलिया म्हणाली.

“आई, कुणीतरी तिला सांगा, आजारी माणसाला असं म्हणत नाहीत,” निमिया.

“आई, कुणीतरी तिला सांगा, मी तुझ्याशी बोलतेय.”

आई एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, मान फिरवून फिरवून घाबरीघुबरी. मी वायरी धरून उभा. आणि रुफिनोंना नेमकं तेव्हाच पाय लांब करायचं सुचलं! टेबलाखाली. थेट माझ्या वायरीत.

डावा पडदा गेला. काळा. एर्सिलियाची चौकट टुणकन उडाली, आणि उजव्या पडद्यावर निमियाच्या शेजारी जाऊन बसली! गालाला गाल लावून! मी खाली वाकलो, वायर शोधतोय, रुफिनो म्हणतायत, “मी काही केलं नाही हं,” आणि वरून आईचा आवाज आला.

“राहू दे, सिल्वानो. हात लावू नकोस.”

मी वर बघितलं. आई पडद्याला नाक लावून उभी होती. बोटाने दोघींचे चेहरे चाचपत होती.

“दोघींचे केस सारखेच पांढरे झाले की गं,” ती म्हणाली. “तुमच्या बाबांसारखे. डाव्या कानावरून.”

मग निमिया हळूच, “ताईचे केस पांढरे झाले?”

आणि एर्सिलिया, “तू रंगवत नाहीस होय?”

“दादा, मला दाखव तिला,” निमिया म्हणाली.

आता कसं दाखवू? मी तो वेगळा कॅमेरा काढून पडद्याकडे वळवला, दुसऱ्या हाताने लॅपटॉप उचलून तोही पडद्याकडे. असा! दोन्ही हात वर, पाठीतून कळा, घाम डोळ्यांत... आणि दोघी बघतायत एकमेकींना. मग निमिया रडत म्हणाली, “ताई, म्हण ना काहीतरी.” आणि एर्सिलियाने, तुम्हाला सांगतो, गायला सुरुवात केली. एक गाणं, दुसरं, तिसरं! माझे हात गळून पडायची वेळ आली, पण ‘आता पुरे’ म्हणायची माझी हिंमत होती का?

सोमवारी ऑपरेशन झालं. दिसायला लागलं आईला! पट्टी निघाली, घरी आली, पुढच्या रविवारी मी पुन्हा दोन्ही पडदे मांडले. वायरी टेपने चिकटवल्या, रुफिनोंची खुर्ची दारापाशी नेऊन ठेवली. तर दोघी म्हणतात, “दोन कशाला? आम्ही एकाच कॉलवर येतो ना!” आणि हसत-खिदळत एकाच पडद्यावर बसल्या. दुसरा पडदा? रिकामा. लख्ख उजेड, डोळा न मारणारा, झोपी न जाणारा, आणि रिकामा!

“आई, हा काढून टाकू?” मी विचारलं.

आईने नव्या डोळ्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “राहू दे. तू बस त्यात. इथे समोर असलास की सारखा वायरी हलवत बसतोस.”

तर आता दर रविवारी मी माझ्याच घरात, माझ्याच स्वयंपाकघरात, फोन साखरेच्या डब्याला टेकवून बसतो आणि बैठकीतल्या दुसऱ्या पडद्यावर दिसतो. एकदम ठणठणीत दिसतो म्हणे. फक्त तिघींचं बोलणं सुरू झालं, की आई माझा आवाज बंद करते.