मेंढरांनी चाटलेलं रान

आमी माण तालुक्यातलं, धनगराचं. जल्म माजा वाड्यावरच झाला, वाडा म्हंजी दगडामातीचा न्हवं, मेंढरांभवती जाळी लावून आमी रातीला बसतो त्यो आमचा वाडा, आज हितं, उद्या तिथं. दिवाळी झाली की माणात हिरवी काडी ऱ्हात न्हाई, मग घोड्यावर बिऱ्हाड टाकायचं आन् खाली आष्ट्याच्या अंगाला उतरायचं, आदी सासू जायची, मग मी जाया लागले.

तिथं आबांचं रान. पलटनीतनं रिटायर झालेला मानूस. आमची घोडी दिसली की बांधावरनंच आरडायचं, अगं बायडे, किती वाट बघायची तुजी. माजी कशाची, मेंढरांची वाट बघायचं, मला काय ठावं न्हवतं व्हय! रानात मेंढरं बसवली की लेंडी-मूत मुरतं, रान खतावतं, त्येच्या बदल्यात आमाला शाळू, आन् निघताना आबांची बायकू, आक्का, त्याच शाळवानं माजी वटी भरायची. आन् माती, काय सांगू तुमास्नी, मुठीत धरली की लाडवावानी वळायची, सोडली की सुटायची, उकरलं की गांडूळ.

मग पाटाचं पानी आलं. उसावर ऊस, पानी सोडून मानसं घरात निजायची, पोत्यातलं खत आलं. आबा म्हनलं, बायडे, औंदा नगं, ऊस उभा हाय, मेंढरं बसवू कुटं. पुढल्या साली बी त्येच. मला लय राग आला, पन आमी दुसऱ्याच्या बांधाला गेलो, आन् अशी वरसं गेली.

गेल्या दिवाळीला आबांचा फोन आला, मेंढरं घिऊन ये, सगळं रान मोकळं हाय. मी लय हरखले, मालकास्नी म्हनलं, बघा, आठवन ठेवली. गेलो. मेंढरं रानात सोडली तर एक बी बसंना, सगळ्यांच्या माना खाली, रान चाटाय लागली. वर पांढरं पसरलेलं, परातीत पीठ भुरभुरावं तसं. आता आमी मेंढरास्नी मीठ चाटवतोच की, मला बरंच वाटलं, मी हसत म्हनलं, आबा, औंदा मीठ इकत घ्याया नगं, तुमच्या रानानंच दिलं. आबा खालीच बसलं. पलटनीतला मानूस, हमसून हमसून रडाय लागला. आक्का म्हनली, बाई, पानी लय पाजून मीठ फुटलंय रानाला, ऊस सोड, गवत बी येत न्हाई, तुजी मेंढरं बसवून बघू म्हनलं, शेवटचं.

बसवली की. पन लेंडी पडाया मेंढराच्या पोटात कायतरी जाया पायजे का नगं? नुसती पान्याला वरडायची. आबाच म्हनलं, ने बाई, मरतील हितं. निघताना आक्कानं वटी भरली, ती रेशनच्या तांदळानं, आन् खाली बघत म्हनली, ह्यो रानातला न्हवं गं. आमी दोघी तिथं किती रडलो.

आता निम्मी मेंढरं इकली, ल्योक मुंबईला गेला. आबांचा फोन येत न्हाई, मी बी लावत न्हाई. मानूस गेलं तर घरच्यास्नी भेटाया तरी जाता येतंय, रान गेलं तर काय बोलायचं? द्येव त्यांचं बरं करू, पन कशानं करंल, मला तर दिसत न्हाई. औंदा दिवाळी सरल्याव मेंढरं आपसूक आष्ट्याच्या वाटंला लागली, मी काठी घिऊन आडवी झाले, म्हनलं, न्हाई रं बाबांनो, तिकडं न्हाई जायाचं आता. त्येंना काय कळतंय, त्येंच्या जिभंला ती माती गोडच लागली व्हती.