फिटरच्या कानाशी पडताळून

कानाच्या दवाखान्यात माझ्या पुढच्या बाकावर एक फिटर आणि त्याची बहीण बसली होती. ती त्याच्याशी इतक्या मोठ्याने बोलत होती, की सगळी रांग ऐकत होती.

"दादा, कंपनीने भरपाई का नाकारली?"

"म्हणे, माझे कान उत्तम आहेत. त्यांच्याकडे लेखी आहे."

"कुणी दिलं लिहून?"

"सही माझीच आहे. मशिनींच्या आवाजावरून बिघाड ओळखणारी सिस्टिम घ्यायची होती. तीन आणून बसवल्या. बेअरिंग बिघडतंय हे आधी कोण ओळखतं, त्या की मी, ते महिनाभर पाहिलं."

"मग?"

"दर वेळी मीच. माझ्या सगळ्यात जवळ आली, ती घेतली. अहवालात लिहिलं, फिटरच्या कानाशी पडताळून घेतली."

"अरे, पण तुला चार वर्षं धड ऐकू येत नाही."

"मशिनीवर तळवा टेकला की मला कळायचं."

"मग तेव्हाच सांगायचंस ना."

"बहिऱ्याला कामावर कोण ठेवतं?"

"आणि आता?"

"आता सिस्टिम आहे. आता चांगल्या कानाच्यालाही ठेवत नाहीत."

आतून त्याचा नंबर दोनदा पुकारला. बहिणीने खांद्यावर हात ठेवला, तेव्हा तो उठला.