गुलाबी हार

होळीच्या आदल्या दिवशी सिल्वासातल्या किराणा दुकानासमोर रांग होती. माझ्यापुढे एक खान्देशी मावशी, तिच्यापुढे शाळेतल्या एक बाई.

"काय रे भाऊ, साखरेचे हार सगळे पांढरेच? गुलाबी कुठे गेले?"

"मावशी, तो रंग बंद झाला. चेकिंगवाले येतात, माल उचलून नेतात."

"बरं झालं बंद केला. कपड्याचा रंग तो, पोटात जायचा."

"बाई, आमच्याकडे होळीला लेकीला हार-कंगन देतात, ते गुलाबीच. माझी लेक तेच खाऊन वाढली. ओठ रंगवून आरशात बघत बसायची."

"तेव्हा आपल्याला कळत नव्हतं. आता शाळेत आम्ही पोरांना समजावतो."

"ती काय पोर आहे? बत्तीस वर्षांची बाई झाली. परवा सहा वर्षांनी फोन आला तिचा. म्हणाली, आई, होळीला येते, गुलाबी हार आणून ठेव."

"मग पांढरा द्या की. चव तीच असते."

"पण तिनं गुलाबी मागितला ना! बत्तीस वर्षांच्या बाईनं काय खायचं, ते तिचं तिला ठरवू द्या. सरकार कोण मधे बोलणारं?"

"आणि सहा वर्षं फोन का नव्हता?"

"लग्न तिनं तिच्या मनानं केलं. आम्ही दार लावून घेतलं."

"मावशी, बोला, किती हार देऊ?"

"दोन दे. पांढरेच दे. तिला एक मुलगी आहे म्हणे."